क्वेनेल मठातलं पुडिंग

प्रिंटरने तिसरं पान बाहेर टाकलं, तो जरा खाकरला आणि गप्प बसला. टॅम्सिन पास्कोने त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. मग जरा जोरात मारली. अकराला दहा मिनिटं कमी होती. अकराच्या ठोक्याला तिला डॉ. क्रॅबट्रींच्या खोलीत बसून सात पानांचा निबंध मोठ्याने वाचून दाखवायचा होता, आणि त्यातली चार पानं अजून या खोक्याच्या पोटात होती.

सेंट फ्रेमंड कॉलेजात सगळंच जुनं होतं आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. जेवणाच्या दालनाचं छत पाचशे वर्षांचं, घंटा चारशे वर्षांची, नियम त्याहून जुने. लायब्ररीत साखळीने बांधलेली पुस्तकं होती. ती पळवायला गेल्या तीन शतकांत कोणी फिरकलं नव्हतं. नवीन म्हणावी अशी एकच वस्तू होती, तळघरातला हा प्रिंटर, आणि तीही इथल्या हवेने अकाली म्हातारी झाली होती.

"मारू नकोस गं त्याला. रुसतो तो," मागून आवाज आला.

रूफस एल्डरटन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि विद्यार्थ्यांच्या भोजन समितीचा अध्यक्ष होता. अध्यक्ष म्हणजे तक्रारी लिहिणारा. तो आठवड्याला एक तक्रार लिहायचा आणि ती वाचण्यापेक्षा कॉलेजातलं जेवण बरं, असं लोक म्हणायचे. त्याच्या हातात दोन पानं होती.

"माझीही चार पानं आत आहेत," तो म्हणाला. "सहापैकी दोनच दिली त्याने. पण मी शांत बसलोय की नाही?"

"तुला काय जातंय शांत बसायला? तुझी तक्रार उद्या गेली तरी सूप थंडच राहणार आहे. माझं वर्ष जाईल इथे!"

हे मात्र खरं होतं. या सत्रात टॅम्सिनचे दोन निबंध उशिरा गेले होते आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र आलं होतं. पत्राची भाषा फार गोड होती. तिसऱ्या निबंधावर शिक्षकांचा शेरा समाधानकारक नसेल, तर मिस पास्को यांनी एक वर्ष घरी राहून आपल्या अभ्यासाचा शांतपणे विचार करावा, असं त्यात म्हटलं होतं. घर होतं कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर. आपली मुलगी कुठे शिकते हे तिच्या आईने तिथल्या एकूणएक मासेवाल्याला सांगून ठेवलं होतं. काहींना दोनदा.

ग्रंथपाल मिसेस क्वेनेल खाली आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता भिंतीतली वायर उपटून पुन्हा लावली. लायब्ररीत त्या कधीच बोलत नसत, आणि तळघरही त्यांच्या मते लायब्ररीच होतं. प्रिंटर थरथरला, गुरगुरला, आणि त्याने सपासप आठ पानं बाहेर फेकली.

टॅम्सिनचा हात पोचण्याआधी रूफसने गठ्ठा उचलला. "थांब, मोजून देतो. माझ्या आधी तू छापायला दिलं होतंस ना?"

"नाही रे, तू आधी दिलंस."

"म्हणजे वरची चार तुझी, खालची माझी." एवढं ठासून बोलायला माणसाला कायदाच शिकावा लागतो. "घे आणि पळ. अकराला चार मिनिटं आहेत."

पानांवर आकडे नव्हते. पानांना आकडे घालणं हे डॉ. क्रॅबट्रींना वाण्याच्या वहीचं लक्षण वाटे, आणि रूफसला आकड्यांची गरज वाटत नसे, कारण आपलं लिखाण लोकांना पाठ असावं अशी त्याची अपेक्षा होती. टॅम्सिन तीन पानांखाली चार पानं सरकवून पळाली. हिरवळीवरून जायला फक्त शिक्षकांना परवानगी होती, म्हणून ती हिरवळीच्या तीन बाजूंनी वळसा घालून पळाली आणि मनातल्या मनात हिरवळीला शिव्या घालत राहिली.

डॉ. क्रॅबट्री खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून निबंध ऐकत. ते झोपलेत की ऐकतायत हे एकतीस वर्षांत कोणालाही ठरवता आलं नव्हतं.

"करा सुरू, मिस पास्को."

विषय होता चौदाव्या शतकातल्या मठांमधली बेशिस्त. टॅम्सिनने तीन पानं एका सुरात वाचली. मठांची संख्या, मठांची शेतं, मठांवरचे जुने अभ्यासक काय म्हणतात आणि नवे अभ्यासक त्यांना काय म्हणतात. तिसऱ्या पानाच्या तळाशी ती म्हणाली, "बिशपांच्या तपासणीच्या वेळी मठवासीयांनी मांडलेल्या तक्रारी या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. ते म्हणतात," आणि तिने पान उलटलं. "मंगळवारचं पुडिंग चमच्याला दाद देत नाही. दोघांनी त्यात काटा खुपसून पाहिला, काटा वाकला."

वाक्य वाचून संपल्यावर टॅम्सिनला ते ऐकू आलं. ती थांबली.

डॉ. क्रॅबट्रींनी एक डोळा उघडला. दुसऱ्या सत्रापासून आजपर्यंत त्यांचा डोळा निबंधाच्या मध्यावर उघडलेला तिने पाहिला नव्हता.

"थांबलात का? चालू द्या."

आता काय करायचं? पानं बदलली गेली, असं सांगायचं तर उरलेला निबंध कुठे आहे? रूफसकडे. रूफस कुठे आहे? देव जाणे. निबंध अपुरा, म्हणजे शेरा असमाधानकारक, म्हणजे कॉर्नवॉल, म्हणजे मासेवाले. टॅम्सिन वाचत राहिली. एक डोळा चालू ओळीवर आणि दुसरा दोन ओळी पुढे, कुठे काय दबा धरून बसलंय ते पाहत.

"सूप स्वयंपाकघरातून चौक ओलांडून येतं, तोवर त्यावर साय धरते. शुक्रवारचा मासा हा बुधवारचाच मासा असल्याची खात्रीलायक माहिती आहे. शाकाहारी विद्या... मांस वर्ज्य केलेल्या बंधूंना तीन आठवडे एकच अळंबी वाढली जात आहे. वरच्या टेबलावर मात्र मऊ पाव जातो." पुढच्या ओळीत तिला मायक्रोवेव्ह दिसला. "मजल्यावरची... चूल नाताळपासून बंद आहे. पहाटे होड्या वल्हवून परत येणाऱ्यांना नाश्ता उरत नाही."

"होड्या?" डॉ. क्रॅबट्रींचा दुसरा डोळाही उघडला.

"दलदलीचा भाग आहे, सर. चहूकडे पाणी. मासे धरायला जात असावेत."

"फारच छान. कुठला मठ म्हणालात?"

टॅम्सिनने काहीच म्हटलं नव्हतं. तिच्या डोक्यात जेवढी म्हणून मठांची नावं होती ती सगळी एका झटक्यात उडाली, आणि मागे एकच नाव उरलं, दहा मिनिटांपूर्वी दिसलेल्या चेहऱ्याचं.

"क्वेनेल," ती म्हणाली. "क्वेनेलचा मठ, सर. लहानसाच आहे."

"असेल, असेल. लहान मठांतच गंमत असते." त्यांनी हात पुढे केला. "ती चार पानं इथेच ठेवून जा. नीट वाचतो. आणि उद्या माझ्या चर्चासत्रात हेच वाचा. चार कॉलेजांतले लोक येणार आहेत. अस्सल कागद हल्ली कुठे सापडतो?"

"सर, मला जरा सांगायचं होतं की..."

"उद्या, मिस पास्को. उद्या सगळं सांगा."

बाहेर येऊन तिने रूफसला तीन फोन केले. चौथ्याला त्याने उचलला.

"अरे गाढवा! पानं बदललीस तू! माझी चार पानं तुझ्याकडे आहेत. आत्ताच्या आत्ता घेऊन ये."

"माझ्याकडे नाहीयेत गं."

"मग कोणाकडे आहेत?"

"पहिल्या पानावर बारा जणांच्या सह्या घेतल्या आणि पाकीट प्राचार्यांच्या पेटीत टाकलं."

"न वाचता?"

"मीच लिहिलेलं मी काय वाचायचं?"

टॅम्सिन चौकातल्या दगडी बाकावर बसली. रूफसची पहिली दोन पानं कशी असतात ते तिला ठाऊक होतं. विद्यार्थ्यांचे सनातन हक्क, संस्थापकांचा उदात्त हेतू, अन्नाची प्रतिष्ठा, आणि शेवटी ठळक अक्षरात ‘आमच्या तक्रारी पुढीलप्रमाणे’. त्याच्यापुढे आता तिची पानं लागली होती. तिने ती आठवून पाहिली, आणि हळूहळू तिच्या तोंडचं पाणी पळालं. चौथ्या पानापासून शेवटपर्यंत तिने एका मठाधिपतीवरचे आरोप मांडले होते.

दोघं प्राचार्यांच्या घरी धावली. दारातच त्यांची सेक्रेटरी भेटली.

"बरं झालं आलात," ती कुजबुजली. "तुम्हालाच बोलवायला निघाले होते. सरांनी पत्र वाचलं आणि दुपारच्या सगळ्या भेटी रद्द केल्या. जेवलेही नाहीत."

प्राचार्य सर ऑब्रे खिडकीपाशी उभे होते. एरवी गुलाबी असलेला त्यांचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला होता. गालिच्यावर त्यांची दोन गलेलठ्ठ कुत्री पसरली होती.

"मिस्टर एल्डरटन," ते म्हणाले, "आणि आपण?"

"पास्को, सर. मी इतिहासाची. त्या पानांबद्दल मला..."

"अच्छा, म्हणजे लिहिलंय तुम्ही. वाटलंच मला. मिस्टर एल्डरटन यांची शैली मी ओळखतो, त्यांचं मला कधी शेवटपर्यंत वाचवलं नाही. हे मात्र एका दमात वाचलं." त्यांनी पान उचललं. "‘मठाधिपती सर्वांबरोबर न जेवता आपल्या निवासात निवडक पाहुण्यांसोबत जेवतो.’ कबूल. ‘त्याची कुत्री ओवऱ्यांतून मोकाट हिंडतात आणि पूजाअर्चेच्या जागी घाण करतात.’ एकदाच झालं होतं ते! ‘प्रार्थनेच्या वेळी तो झोपतो.’ मी डोळे मिटून प्रार्थना करतो, मिस पास्को."

"सर, हे सगळं चौदाव्या शतकातलं आहे," टॅम्सिन कळवळून म्हणाली.

"तेच तर! चौदाव्या शतकापासून असंच चालत आलंय, असं म्हणून मीही इतकी वर्षं स्वतःच्या मनाची समजूत घालत होतो." ते खुर्चीत बसले. "पण वाइनचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

टॅम्सिन आणि रूफसने एकमेकांकडे पाहिलं.

"‘मठाच्या तळघरातली पिंपं त्याने बहिणीच्या लग्नाला पाठवली,’" प्राचार्यांनी वाचलं. "पिंपं नव्हती हो. दोन खोकी होती. आणि बहिणीचं लग्न हे तिसरं, त्यामुळे घरून कोणीच काही देईना. मी बदली बाटल्या आणून ठेवणारच होतो."

टॅम्सिनने तोंड उघडलं. तेवढ्यात रूफसने तिच्या पायावर असा काही पाय दिला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून प्राचार्य आणखीच हलले.

"रडू नका, मिस पास्को. चूक माझी आहे. मला फक्त एक सांगा." त्यांनी शेवटचं पान उलटलं. "इथे म्हटलंय, प्रकरण बिशपांकडे गेलं, आणि बिशपांनी मठाधिपतीला दूरच्या बेटावर पाठवून दिलं. तुम्ही बिशपांना लिहिलंय का?"

सेंट फ्रेमंडचे वरिष्ठ देखरेखकार म्हणजे खरोखरच बिशप. प्राचार्यांना जाब विचारायचा अधिकार या पृथ्वीतलावर त्या एकाच माणसाला होता, आणि तो अधिकार वापरायची संधी मिळत नाही म्हणून तो माणूस खंतावलेला होता.

"अजून नाही, सर," रूफस गंभीरपणे म्हणाला.

"अजून नाही," प्राचार्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "मग ऐका. कुत्री आजपासून घरात. पाहुणे बंद. आणि आज संध्याकाळपासून मी दालनात, तुमच्या बाकावर, तुमच्या बरोबरीने, तुमच्या ताटातलं जेवणार. चालेल?"

बाहेर पडल्या पडल्या टॅम्सिनने रूफसचा कोट धरला. "तू वेडा आहेस का रे? तो बिचारा म्हातारा बेटावर जायच्या तयारीने बसलाय!"

"अगं, दोन वर्षांत नाही झालं ते एका दुपारी झालं. आज मंगळवार आहे, एकदा त्यांना ते पुडिंग खाऊ दे, उद्या सकाळी आचारी बदलतो की नाही बघ. आणि तुझं काय बिघडलं?"

"उद्या चार कॉलेजांसमोर मला तुझ्या अळंब्या वाचायच्यात, ते बिघडलं!"

दुपारी चार वाजता तिने मनाचा हिय्या केला आणि डॉ. क्रॅबट्रींचा दरवाजा ठोठावला. वर्ष गेलं तर गेलं. आईला सांगायचं. मासेवाल्यांना आई सांगेल.

"सर, क्वेनेल नावाचा मठ नाही," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

"नाहीच मुळी," डॉ. क्रॅबट्री चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "इंग्लंडात चौदाव्या शतकात काट्याने कोणी जेवत नव्हतं, मिस पास्को. त्याला अजून तीनशे वर्षं अवकाश होता. शिवाय मी एकतीस वर्षं या कॉलेजात दर मंगळवारी तेच पुडिंग परत पाठवतोय. पहिल्या वाक्यालाच ओळखलं मी."

टॅम्सिन मटकन खुर्चीत बसली. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही मायक्रोवेव्हची चूल कशी करता ते पाहायचं होतं. नंतर पानावर पाहिलं, मूळ शब्द मायक्रोवेव्हच आहे. मला वाटलंच होतं." ते बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे हसले; त्यांना खोकला आला. "आता खरं सांगतो. तुमची पहिली तीन पानं म्हणजे झोपेचं औषध आहे. नंतरच्या चार पानांत भुकेली माणसं आहेत. इतिहास कशाशी खातात हे त्या पानांच्या लेखकाला कळलंय. कोण आहे तो?"

"रूफस एल्डरटन. कायद्याला आहे."

"अरेरे," डॉ. क्रॅबट्री म्हणाले. "आणि तुमची खरी चार पानं कुठे आहेत?"

तिने सगळं सांगितलं. कुत्री, वाइन, बिशप, बेट. डॉ. क्रॅबट्रींनी कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"एकतीस वर्षांत," ते म्हणाले, "माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या निबंधामुळे जगात काहीही घडलेलं नाही. तुमच्यामुळे आज आमचा प्राचार्य बाकावर जेवायला येतोय. शेरा समाधानकारक. उद्या चर्चासत्रात तीच पानं वाचा, स्वतःची."

टॅम्सिनला रडावं की हसावं कळेना. "आणि रूफसची पानं, सर? ती मी त्याला परत देते."

"ती आता मिळायची नाहीत. मी ती दुपारीच कॉलेजच्या दप्तरखान्यात जमा केली. विद्यार्थ्यांच्या आहाराविषयीचा समकालीन अस्सल पुरावा! मोहोर लागली त्यावर. पन्नास वर्षं कोणाला उघडता येणार नाही, नियम आहे. पण विचार करा, पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक किती खूश होईल!"

"पण सर, आज जेवणारी माणसं..."

"त्यांचं काय?" डॉ. क्रॅबट्रींनी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं.

संध्याकाळी सात वाजता प्राचार्य सर ऑब्रे दालनात आले आणि शिक्षकांच्या वरच्या टेबलाकडे न वळता सरळ खाली आले. तीनशे काळे झगे एकदम उठून उभे राहिले. प्राचार्य रूफस आणि टॅम्सिन यांच्या मधोमध बाकावर बसले, जरा अवघडून, कारण त्या बाकांना पाठ नव्हती. सूप आलं, साय धरलेलं. त्यांनी ते निमूट प्यायलं. मासा आला. त्यांनी तो खाल्ला. रूफस टेबलाखाली बोटं मोडत होता.

मग पुडिंग आलं. करडं, चकाकतं, भांड्याच्या आकाराचं. वाढप्याने ताटलीत उलटं केलं तरी ते हललं नाही. तीनशे जण श्वास रोखून बघत होते.

प्राचार्यांनी कडेने एक तुकडा मोठ्या कष्टाने तोडला आणि तोंडात घातला. ते चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"आता बोलतील," रूफस पुटपुटला.

"शाळेतलं पुडिंग!" प्राचार्य भरल्या गळ्याने म्हणाले. "अगदी तेच! आठव्या वर्षी मला बोर्डिंगात टाकलं, तेव्हा पहिल्या रात्री हेच होतं. बावन्न वर्षं शोधतोय मी ही चव. आणि माझ्याच कॉलेजात, माझ्या घरापासून शंभर पावलांवर..." त्यांनी रूफसची ताटली स्वतःकडे ओढली.

"पण सर," रूफसचा आवाज फाटला, "आमची मुख्य तक्रारच मुळी पुडिंगची आहे!"

"पुडिंगची? काहीतरीच काय, मिस्टर एल्डरटन! तुमचं पत्र मी चार वेळा वाचलंय. पुडिंगबद्दल त्यात अवाक्षर नाही."

रूफसने टॅम्सिनकडे पाहिलं. टॅम्सिनने वरच्या टेबलाकडे पाहिलं. डॉ. क्रॅबट्री पाचशे वर्षांचं छत निरखण्यात गढून गेले होते.

"उलट एवढी चांगली गोष्ट आठवड्यातून एकदाच का, हे मला कळत नाही," प्राचार्य म्हणाले. त्यांनी वाढप्याला खूण केली. "आचाऱ्याला सांगा, माझ्याकडून शाबासकी. आणि या आठवड्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार."

दालनात इतकी शांतता पसरली की दूर बसलेल्या कोणाच्या तरी हातून पडलेला चमचा सगळ्यांना ऐकू आला. तीनशे चेहरे हळूहळू वळले आणि एकाच बाकावर येऊन थांबले.

"हे काय, मिस पास्को," प्राचार्यांनी प्रेमाने तिची ताटली तिच्यापुढे सरकवली, "तुम्ही घेत नाही?"

"घेते ना, सर," टॅम्सिन म्हणाली, आणि तिने चमचा दोन्ही हातांनी धरला.